तुरुंगासमोरचं निळं पाणी

प्लासिदोच्या अंगणात ऊन आलं आणि सगळी गर्दी एकदम गुडघ्यांवर बसली. काचेच्या बाटलीतलं पाणी कडेने निळं उजळलं होतं.

"पाहा, मारियामातेचा शेला!" पांढऱ्या झग्यातला प्लासिदो बाटली उंचावून ओरडला. "पाणी कडू का? तर तुमचं पाप कडू! ताप उतरला तर मातेची कृपा. नाही उतरला तर तुमची भक्ती कमी!"

दोन्हीकडून त्याचंच खरं. ढग आले की माता रुसायची, मग दर्शन बंद.

बेनिताने काखेतली कोंबडी पुढे केली. घरातली शेवटची. तिचा नवरा क्रिसांतो उसाच्या मळेवाल्याशी भांडला म्हणून समोरच्या तुरुंगात होता आणि तिथल्या दवाखान्यात हिवतापाने फणफणत होता. पोर्तो रिकोवर स्पेनच्या राजाचा अंमल. राजाला साखर वेळेवर हवी असे, कैद्यांच्या औषधाची घाई नसे. मागे बेनिताने चोरून हे पाणी पाजलं, तेव्हा क्रिसांतो उठून बसला होता. पाणी संपलं आणि ताप परतला.

"पाव बाटली मिळेल," प्लासिदो म्हणाला.

"बंधू, मागच्या वेळी अर्धी दिलीत!"

"मातेशी घासाघीस करतेस?"

पाव बाटली शालीखाली घेऊन ती दवाखान्यात शिरली, तोच डॉक्टर व्हिदालने तिला अडवलं. "काय आहे ते?"

"माझ्या माणसाचा जीव! घ्या काढून, डॉक्टरसाहेब, आणि चारत बसा त्याला तुमची पूड. पीठ खाल्ल्यासारखी लागते म्हणतो."

डॉक्टर थबकला. "पीठ? कडू नाही लागत?"

"कडू हे पाणी आहे."

त्याने थेंबभर पाणी जिभेवर घेतलं. तोंड वाकडं झालं. मग दवाखान्याच्या डब्यातली चिमूटभर पूड चाखली आणि डबा उजेडात धरला.

"बाई, हे कसावाच्या कंदाचं पीठ आहे. मी माणसांना पीठ देत होतो. ती मेली की वरिष्ठांना लिहीत होतो, ताप औषधाला दाद देत नाही."

"डबा तुमच्या औषधवाल्या लिबोरियोच्या ताब्यात असतो ना?" बेनिताने विचारलं. "तो प्लासिदोचा भाचा आहे."

कपाटात एकच डबा मोहोरबंद उरला होता. डॉक्टरने तो फोडला, आधी क्रिसांतोला मात्रा दिली आणि दोन्ही डबे घेऊन तो प्लासिदोच्या अंगणात गेला. सगळ्यांसमोर त्याने साध्या पाण्यात लिंबू पिळलं, नव्या डब्यातली पूड ढवळली आणि पेला उन्हात धरला. कड निळी उजळली.

"माझ्याकडेही माता आली का?" त्याने विचारलं. "ही कोयनेलची पूड, हिवतापाचं औषध. लिंबाच्या पाण्यात विरघळली की उन्हात निळी दिसते. कुणीही करून पाहावं."

"सैतानी खेळ!" प्लासिदो किंचाळला.

एका पाणक्याने पेला तोंडाला लावला आणि थुंकला. "बंधू, तुझंच पाप आहे की रे हे! तितकंच कडू!"

कुणीतरी हसलं. पण दुसरा डबा हातोहात फिरला, लोकांनी पीठ चाखलं आणि हसू विरलं. एका म्हातारीने बोट पुन्हा पुन्हा चाटलं. "माझा रामिरो आत तुरुंगात हे खाऊन मेला?"

प्लासिदो मागच्या दाराकडे सरकू लागला, तसा पाणक्या दारात जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात कडेवर तापलेलं पोर असलेली एक बाई पुढे आली. "डॉक्टर, ते पाणी तरी द्या. औषध आहे ना त्यात?"

"आहे. आतल्या कैद्यांच्या तोंडातून काढलेलं."

बाईचा पुढे केलेला हात तसाच राहिला. बेनिताने प्लासिदोच्या फळीवरच्या बाटल्या उतरवायला सुरुवात केली.

"इथून तिथून औषध एकच आहे, बायांनो. आत घेऊन चला. मोजून वाटू, पोरालाही देऊ. आणि उद्या कुणी काही चमकवून दाखवलं, तर गुडघे टेकण्याआधी विचारा, हे आणलंस कुठून? कुणाचं?"

तिने दोन बाटल्या उचलल्या आणि ती तुरुंगाच्या दाराकडे चालू लागली. मागोमाग म्हातारी उठली.