न्हाव्याच्या डोक्यावर

मी तारांची टोपी बोलतेय. कापडाची, आतून धातूच्या बारीक चकत्या लावलेली. डोक्यातल्या लहरी मी टिपते. त्या हव्या तशा आल्या की समोरच्या पडद्यावरची होडी पुढे सरकते, नाहीतर जागच्या जागी. ते बघत माणूस मेंदूला वळण लावायला शिकतो. निदान तशी आशा असते.

कितीतरी डोकी पाहिली, पण लक्षात राहिला तो म्हातारा न्हावी. पार्किन्सनमुळे त्याचा उजवा हात थरथरायचा. दुकान सुटल्याचं दुःख त्यानं गिळलं होतं. पण चाकाच्या खुर्चीतला थोरला भाऊ दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू देईना, आणि त्याची दाढी छातीपर्यंत पोचली होती. "दादाची दाढी करायचीय," एवढंच याचं मागणं.

"काका, डोकं हलवू नका," मला बसवणारी तंत्रज्ञ मुलगी म्हणाली.

"अगं, जन्मभर मीच हे लोकांना सांगत आलो!"

दात-ओठ खाऊन तो होडीकडे बघायचा; होडी ढिम्म. हट्ट सोडून सैल बसला की निघायची. महिन्याभरात ती काठाला लागली आणि स्वारी खूश झाली. इतकी, की कुणाला न सांगता त्यानं गोळ्या बंद केल्या.

पुढच्या खेपेला तो दारातच थिजला. पाऊल उचलेना. त्याच्या बायकोनं घरात सापडलेला दाढीच्या साबणाचा डबा टेबलावर उपडा केला. आठवड्याभराच्या गोळ्या!

"काका, टोपी गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांऐवजी नाही!" मुलीचा आवाज चढला.

त्यानं मान खाली घातली. मलाही लाज वाटली. चूक त्याची, पण भुलला तो माझ्यामुळेच. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि आम्ही होडी.

दोन महिन्यांनी दादाही सोबत आला. गाल गुळगुळीत, हनुवटीवर कापसाचा बोळा.

"अर्धी यानं केली, मग हात दमला. उरलेली याच्या बायकोला करू दिली," दादा म्हणाला. "तिची बाजू जास्त साफ आहे, पण याला सांगू नका."

सगळ्यांत मोठ्यानं न्हावीच हसला.

त्या अर्ध्या दाढीत माझा वाटा किती, गोळ्यांचा किती, मला खरंच ठाऊक नाही. आता मी सैल झालेय, दोन चकत्या काम देत नाहीत. उद्यापासून नवी टोपी येणार. जाता जाता एकच विनवणी: आमच्यावर आशा ठेवा, पण गोळ्या चुकवू नका.

आज शेवटचं मला घालण्याआधी न्हाव्यानं खिशातून स्वतःची फणी काढली आणि थरथरत्या हातानं स्वतःच्या केसांत माझ्यासाठी भांग पाडला. वाकडा आला. मुलीनं तो सरळ केला नाही.