धाकूशेटची झोपडी

घरपट्टीच्या आकारणीचं वर्ष आलं की मुर्धा गावात धाकूशेटच्या वखारीवर झावळ्या चढत. एकाहत्तर सालीही चढल्या. खाली लोखंडी खांब, वर पत्रा, आत मिठाच्या गोणींच्या थप्प्या. पण पंच दारात आले की दिसायची ती फक्त माडाची झावळी. पंच माना डोलावत आणि लिहीत: झोपडी. झोपडीला पट्टी सगळ्यांत कमी. मग शाळेच्या खोलीसाठी गावाने घालायचा वाटा पंचायतीकडे कधी जमत नसे, वाटा नाही म्हणून जिल्हा परिषदेचं अनुदान परत जाई, आणि चौथीची पोरं देवळाच्या ओट्यावर पाढे म्हणत. कुणाचं बारसं निघालं की तिथूनही उठत.

राघो पाटील पंच होते तोवर दर खेपेला म्हणत, "झावळीखाली पत्रा आहे, तो लिहा." त्यांना कुणी उलट बोलत नसे. त्यांचं ऐकतही नसे. यंदा वैशाखात ते गेले, आणि गावाने त्यांच्या जागी त्यांच्या मुलीला, शेवंतीला, बिनविरोध निवडून दिलं. दुखवट्यातली पोर विरोध करणार नाही, असा सगळ्यांचा हिशेब. शेवंतीला तो कळला होता. तरी तिने जागा घेतली.

"या सरपंच. गरिबाच्या झोपडीत पायधूळ झाडा," धाकूशेट म्हणाला. कोकमाचं सरबत आलं. सरपंच बाबाजींनी दोन पेले घेतले. शेवंतीने घेतला नाही.

"झावळ्यांखाली काय आहे, शेट?"

"सावली!"

पंच खदाखदा हसले. ते कशालाही हसले असते. सरबत गार होतं.

मग शेटने आवाज उतरवला. "पोरी, तुझ्या बापाशी माझं वैर नव्हतं. शाळेची खोली मी बांधतो, माझ्या खिशातून. वर पाटी लावू, कैलासवासी राघो पाटील यांच्या स्मरणार्थ. तू फक्त झोपडीवर सही कर."

वडिलांच्या नावाआधी 'कैलासवासी' हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला, तोही या तोंडून. जन्मभर ज्याने पोरांच्या हक्काची पट्टी मागितली, त्याच्या नावाने आता भीक वाढली जाणार होती. वाढणारा तोच, ज्याने पट्टी बुडवली. बाबाजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवंतीला किळस आली. पण खोली खरी होती, आणि ओटाही खरा होता.

"सगळी आळी फिरून झाल्यावर सही करते," ती म्हणाली.

सरूबाईच्या दाराशी पंच थबकले. मासळी विकून विकून घातलेल्या तिच्या कौलांवर ओल्या झावळ्या पसरल्या होत्या, आणि सरूबाई शिडीवरून उतरत होती.

"हे काय गं?" बाबाजींनी विचारलं.

"झोपरी हाय. लिवा."

"अगं, कौलं दिसतायत मला!"

"आन शेटचा पत्रा न्हाय दिसला? डोलं सरबतासंगं पिऊन आलाव काय?"

दारादारांतल्या बाया फिदीफिदी हसल्या. बाबाजी लालबुंद झाले. "पंचायतीला फसवतेस? झावळी टाकून कौल लपत नाही! खाली जे असेल तेच लिहिलं जाईल!"

"बरोबर," शेवंती म्हणाली. "सरूबाईचं घर कौलारू लिहा. तिला पट्टी चुकायची नाही. आणि सरपंच, नियम आत्ता तुम्हीच सांगितलात. चला परत वखारीकडे."

बाबाजींनी आळीकडे पाहिलं. एवढ्या बाया, आणि निवडणूक तोंडावर. ते निघाले.

सरूबाई आकडीची काठी घेऊन मागोमाग आली. झावळ्या खाली आल्या तसा पत्रा उन्हात डोळ्यांवर येऊ लागला.

"मग खोली विसर," धाकूशेट म्हणाला. "बापाचं नाव कुठे लागायचं नाही."

"नका लावू. पट्टी भरा."

वखार पक्की म्हणून लिहिली गेली. बाबाजींनी सही केली, रुमालाने मान पुसली आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "राघोभाऊंची इच्छा आज आपण पुरी केली."

आपण! दर आकारणीला हाच माणूस याच झावळ्यांखाली उभा राहून हसला होता. सही करून शेवंती पुढच्या घराकडे वळली. अर्धी आळी अजून राहिली होती.