टेकायची भिंत

मित्रांनो, मी विश्रांतवाडीतल्या एका फ्लॅटमधली जुनी भिंत आहे. भिंतीला सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळदा तसेच वाटते. तरी सांगते, कंटाळलात तर सोडून द्या.

माझी एक बाजू स्वयंपाकघरात आहे आणि दुसरी हॉलमध्ये. घरमालक हिंमतराव कारखान्यातल्या नोकरीसाठी वाशीमकडून पुण्यात आले. त्यांनी हे घर घेतले, तेव्हा स्वयंपाकघराच्या बाजूला मला चकचकीत ऑइलपेंट मिळाला. फोडणीचे शिंतोडे उडाले की त्यांच्या पत्नी विमलाबाई ओल्या फडक्याने पुसून काढत. हॉलच्या बाजूला मात्र साधे डिस्टेंपर होते. नुसता हात फिरवला तरी त्याची पांढरी भुकटी लागे.

पाळी संपवून आले की हिंमतराव सतरंजीवर बसत, मला पाठ टेकत आणि वर्तमानपत्र उघडत. त्यांच्या डोक्याचे खोबरेल तेल माझ्यात मुरत गेले. तिथे एक तपकिरी डाग उमटला. ते उठून बाहेर निघाले की सदऱ्याच्या पाठीवर माझी भुकटी असे.

"अहो, भिंत घेऊनच निघालात का?" असे म्हणत विमलाबाई त्यांची पाठ झटकत.

"येऊ दे की तिलाही. घरात बसून कंटाळली असंल."

मित्रांनो, एवढ्या बोलण्यावर मी कितीतरी वर्षे सुखात होते.

पुढे त्यांचा मुलगा रविराज संगणकाच्या कंपनीत लागला. त्याचे लग्न झाले, तेजस्विनी घरात आली. कंपनीतले मित्र येऊ-जाऊ लागले, तसा तो डाग रविराजला खुपू लागला. रंग द्यायचे ठरले. तेजस्विनीने दुकानात जाऊन हॉलसाठी मॅट रंग निवडला. निवड काही वाईट नव्हती. चकाकणाऱ्या रंगात माझ्या गिलाव्याचे उंचवटे दिसले असते. या मऊ, बिनचमकीच्या रंगात ते लपून गेले. "काय क्लासी दिसतेय वॉल!" असे पाहुणे म्हणाले. मला संकोच वाटला, पण खोटे कशाला सांगू, आनंदही झाला.

थोड्याच दिवसांत हिंमतराव नेहमीसारखे टेकले आणि डाग पडला. रविराजने तो ओल्या फडक्याने घासायला घेतला. मॅट रंग घासला की तिथे चकाकी येते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. डाग गेला नाहीच. भोवती चमकणारा चट्टा मात्र उठला.

"बाबा, जरा खुर्चीवर बसत जा ना," तो म्हणाला. त्याने आवाजही चढवला नव्हता.

"माणसं जुनी झाली, भिंत तेवढी नवी," विमलाबाई म्हणाल्या.

हिंमतराव उठले. खुर्ची उचलून त्यांनी गॅलरीत नेली.

त्यानंतर वर्तमानपत्राची सळसळ मला दुरून ऐकू येई. चट्ट्यावर रंगाचा नवा हात फिरला. मी स्वच्छ होते, सुंदर होते, आणि मला कोणी शिवत नव्हते.

असेच काही हिवाळे गेले. एका सकाळी हिंमतराव मफलर गुंडाळून गॅलरीत बसले होते. तेजस्विनी चहा घेऊन गेली.

"बाबा, आत या ना. एवढ्या गारठ्यात काय बसताय?"

"बरं हाय इथं. आत डाग पडतो."

तो टोमणा नव्हता. त्यांना खरेच तसे वाटत होते. तेजस्विनी कप हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढच्या दिवाळीआधी तिने पुन्हा रंग निवडला. या वेळी हलकी चमक असलेला, पुसता येणारा सॅटिन. तो वाळल्यावर तिने माझ्यापाशी सतरंजी अंथरली आणि सासऱ्यांना हाताला धरून आणले.

"टेका बाबा. कितीही तेल लागू दे, फडक्याने निघतं."

"हो हो, टेकतो," हिंमतराव म्हणाले, आणि ताठ बसून राहिले. माझ्यात आणि त्यांच्या पाठीत वीतभर अंतर ठेवून.

मित्रांनो, घराला रंग देताना दुकानातला नमुना जरूर पाहा. पण त्याआधी त्या खोलीत थोडा वेळ बसा. कोण कुठे टेकते, कोणाचा हात कुठे लागतो, ते बघून ठेवा. रंग चुकला तर पुन्हा देता येतो. माणसाची मोडलेली सवय पुन्हा लागते की नाही, ते मला अजून कळलेले नाही.

आज सकाळीही ते माझ्यापुढे बसले आहेत. वर्तमानपत्राचे पान उलटले की त्यांचा सदरा हलतो, आणि मला लागता लागता राहतो.