लाल दोऱ्याची खूण

तुमच्याआमच्या पुष्कळांच्या घरी एक अशी वस्तू असते, जिला घरच्यांनी हात लावायचा नसतो. कुणाकडे गाडी, कुणाकडे कॅमेरा, कुणाकडे नुसता काचेच्या कपाटातला कपबशांचा सेट. तो पाहुण्यांसाठी निघतो, घरच्यांसाठी निघत नाही. या घरात ती वस्तू म्हणजे सायकल होती.

बाहेरच्या खोलीत, भिंतीवर दोन हुकांना ती टांगलेली असे. मालक एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा. माणूस इतका काटेकोर की सायकलवाल्या मित्रांनी त्याचं नाव 'मिलिमीटर' ठेवलं होतं, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. चाकाची एखादी तार जराशी वाजली तरी त्याचे कान टवकारायचे. बायको आतल्या खोलीत खोकत असली तर मात्र ऐकू यायला अंमळ वेळ लागायचा.

दर रविवारी सकाळी त्याचा सायकलवाल्यांचा गट गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाई. या मंडळींची एक छान रीत होती. टाकीपाशी थांबलं की सगळे आपापल्या सायकली एकमेकांना द्यायचे आणि परतीचा रस्ता दुसऱ्याच्या सायकलवरून कापायचा. आता, प्रत्येकाची उंची वेगळी. सीट खालीवर करावी लागणारच. म्हणून सीटखालच्या नळीवर प्रत्येकजण आपल्या रंगाची चिकटपट्टी लावून ठेवी. आपली पट्टी येईपर्यंत नळी आत सरकवायची, पान्याने बोल्ट आवळायचा आणि निघायचं. उंच माणसाची पट्टी खाली, बुटक्याची वर.

मिलिमीटरच्या सायकलवर सगळ्यांच्या उड्या पडायच्या, कारण ती होतीच तशी देखणी आणि पळायलाही हलकी. तिच्या नळीवर सात पट्ट्या होत्या. बँकवाल्याची निळी, फोटोग्राफरची पिवळी, आणि सगळ्यांत वर हेडबाईंची हिरवी. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, गटातल्या सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत फटकळ. "घ्या हो, घ्या ना, तुमचीच समजा," असं म्हणत हा सायकल पुढे करायचा, आणि सगळे तोंड भरून कौतुक करायचे. दिलदार माणूस म्हणून त्याचं नाव होतं.

बायको घरीच शिवणकाम करायची. खिडकीपाशी मशीन, गळ्यात मापाची टेप, दातांत दोरा. लहानपणी वडिलांच्या उंच सायकलवर दांड्याखालून पाय घालून ती हाफ पेडल मारायची, दोन्ही गुडघे फोडून घ्यायची आणि पुन्हा चढायची. एकदा नवरा सायकल पुसत असताना तिने विचारलं होतं.

"अहो, एकदा मला द्याल? कोपऱ्यापर्यंतच जाऊन येते."

"तुझे पाय कुठे पुरणार? सीट खाली घ्यावी लागेल. एकदा हलवली की पुन्हा नेमकी बसत नाही गं."

दर रविवारी ती सीट किती वेळा खालीवर व्हायची, हे तिला ठाऊक होतं. पण ती हसली आणि म्हणाली, "बरं, राहू द्या."

पुढे पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या रविवारी बघू." त्यात त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे सांगायलाच हवं. नकार द्यायचा म्हणून तो बोलला नव्हता, विषय संपावा म्हणून बोलला होता. पुढच्या रविवारी तो पहाटेच निघाला. बोल्टचा पाना त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायचा, जुडगा त्याच्या खिशात. तो नसताना सीट खाली घ्यायची म्हटलं तरी तिला घेता आली नसती.

मग तिने विचारणं सोडलं. त्याने सीटमागे लावायला छोटी पिशवी मागितली, तेव्हा रेनकोटच्या उरलेल्या कापडातून तिने झकास पिशवी शिवून दिली. माप घ्यायला सायकल भिंतीवरून काढली, पट्टा नळीभोवती बसवून दिला. गटात त्या पिशवीचंही कौतुक झालं. आणखी चौघांनी तशाच शिवून मागितल्या.

एका दुपारी शेजारणीच्या परकराला नेफा घालताना तिचा उजवा हात कापडावरून घसरला तो वर आलाच नाही. मशीनचं चाक थांबलं. दवाखान्यात धावाधाव झाली, जीव वाचला. बोलणं हळूहळू परत आलं, पण शब्द शोधून शोधून काढावा लागे. उजवा पाय आणि उजवा हात मात्र परत आले नाहीत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की काठीने घरातल्या घरात चालतील, त्याहून जास्त आशा धरू नका.

मिलिमीटरने रजा घेतली आणि रविवार सोडले. तिला भरवायचं, तिची वेणी घालायची, हे तो शिकला. तळमजल्यावरची नर्स रोज ड्यूटीवरून चालत येई, थकलेली असली तरी वर येऊन हिच्याकडून हातापायाचे व्यायाम करून घेई. भिंतीवरच्या सायकलवर धूळ बसली. मशीनवरही बसली.

एक दिवस हेडबाई भेटायला आल्या. पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या, गटाच्या गमतीजमती सांगू लागल्या. ही डोळे विस्फारून ऐकत होती.

"आणि तुमच्या ह्यांची सायकल, काय सांगू तुम्हाला, टाकीच्या उतारावर अशी सुटते की माझं वय विसरते मी. पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर घरच्याच."

हिने मान हलवली. शब्द शोधले. "मी... कधी... नाही बसले."

हेडबाईंनी वळून दाराकडे पाहिलं. पाणी आणायला गेलेला मिलिमीटर पेला घेऊन दारातच उभा राहिला. निघताना हेडबाई जिन्यात थांबल्या.

"कधीच नाही?"

"अहो बाई, तिने एकदोनदा विचारलं असेल, मी पुढच्या रविवारी बघू म्हटलं असेल. पण हट्ट असा कधी धरला नाही. धरला असता तर मी काय नाही म्हटलं असतं?"

"मी धरला होता हट्ट?" हेडबाईंनी विचारलं. "मला तर तुम्ही न मागता दिलीत. 'घ्या ना बाई' म्हणत मागे लागलात."

"तुम्ही गटातल्या. ती आपली..."

"आपली. बरोबर. आपली म्हणून तिला पुढचा रविवार आणि परकी म्हणून मला हा रविवार?" बाईंचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मिलिमीटर, मला सायकल देताना चार लोक बघत होते. घरात बघायला कोण होतं? चारचौघांत दिलं की नाव होतं, घरात दिलं तर नुसतं देणं होतं. ते आपल्याला जमत नाही. तुम्हाला एकट्याला नाही म्हणत मी. माझी सून माझ्या सायकलकडे बघते, ते मला आत्ता आठवलं. मीही तिला कधी म्हटलं नाही."

आणि कठड्याला धरून त्या जिना उतरून गेल्या.

तो घरात आला. सायकल खाली काढली. विकून टाकावी, डोळ्यांसमोर नको, असं त्याच्या मनात आलं होतं. विकायची तर पुसायला हवी, म्हणून त्याने आधी पिशवीचा पट्टा सोडला.

पट्ट्याखाली नळीवर लाल दोरा गुंडाळलेला होता.

हेडबाईंच्या हिरव्या पट्टीच्याही वर, सीटच्या अगदी बुडाशी. शिवणाचाच दोरा. वेढ्याला वेढा लागून, शेवटची गाठ आत दडवलेली. असं काम या घरात एकाच हाताचं होतं, आणि तो हात आता पलंगावर उशीवर ठेवावा लागत होता.

मिलिमीटरला समजायला काही वेळ लागला नाही. सीट हलवायला पाना नव्हता, म्हणून तिने स्वतःच्या पायाचं माप घेतलं असणार, सायकलचं घेतलं असणार आणि वजाबाकी करून खूण बांधली असणार. मग वरून पिशवी लावून ती झाकली. पुढचा रविवार आलाच, तर वेळ वाया जायला नको म्हणून.

त्याने जुडग्यातला पाना काढला. बोल्ट सैल केला, लाल दोरा टेकेपर्यंत नळी आत सरकवली. सगळं मिळून मिनिटभराचं काम. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटातून टेप आणली, पांघरुणातल्या तिच्या पायाचं माप घेतलं आणि सीटशी ताडून पाहिलं. मिलिमीटरचाही फरक नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजणारा तो माणूस सायकलच्या दांड्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

सायकल ढकलत त्याने तिच्या पलंगाशी आणली. तिने आधी सीट पाहिली, मग दोरा, मग त्याचा चेहरा.

"चल," तो म्हणाला. "खाली आवारात जाऊ. मी धरतो. पडू देणार नाही तुला."

डाव्या हाताने तिने सीटवरून हात फिरवला.

"आता... नको."

"अगं, मी दोन्ही हातांनी धरतो ना. हेडबाईंना बोलावतो, त्या दुसरीकडून धरतील."

"पडायची... भीती... कधी नव्हती हो," ती म्हणाली. "मला... बसायचं नव्हतं. चालवायची होती."

माफी मागावी तर ती कुठल्या तोंडाने, आणि मागून तिचा पाय थोडाच हलणार होता? तो खाली जमिनीवर बसला. तिने हात पुढे केला. तिला हातात हात हवा असेल असं वाटून त्याने तो धरला. तिने मान हलवली. तिला पाना हवा होता.

त्याने जुडग्यातून सोडवून दिला. तिने तो मुठीत घट्ट धरला.

"खालच्या... नर्सला द्या. सायकल. ती... रोज चालत जाते." थांबून श्वास घेतला. "तिचा युनिफॉर्म... मी शिवलाय. माझंच... माप."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आवारात सायकल धरून उभी राहिली. "काका, सीट जरा..." असं म्हणत ती बसली आणि बोलायची थांबली, कारण पाय बरोब्बर टेकले होते. दोन गिरक्या डळमळत घेतल्या, तिसरीत तोल साधला. फाटकातून बाहेर पडताना तिने वर बघून घंटी वाजवली.

वर खिडकीत ही खुर्चीवर बसलेली होती. मिलिमीटर आवारात उभा राहून सायकलकडे नाही, खिडकीकडेच बघत होता. ही हसत होती, अगदी मनापासून. रस्ता कोपऱ्यावर वळतो तिथपर्यंत तिची नजर सायकलबरोबर गेली. सायकल वळली, दिसेनाशी झाली, तरी ती तिकडेच बघत राहिली, आणि मग तिने डाव्या हाताने डोळे पुसले. एवढाच रस्ता तिने मागितला होता.

त्या रविवारी तो टाकीपाशी चालत गेला. गटाला त्याने सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता सांगितलं. कुणी त्याची समजूत घातली नाही. सायकलींची अदलाबदल त्या दिवशी झालीच नाही. बँकवाला बाजूला गेला आणि घरी फोन लावून बायकोला म्हणाला, "उठलीस का? नाही, काही झालं नाही. खाली ये, मी सायकल घेऊन येतोय." हेडबाई सुनेला सायकल द्यायला कधीच घरी निघून गेल्या होत्या.

मंडळी, वाटून घेण्याची आपल्याला हौस असते, आणि ती चांगलीच आहे. फक्त एकदा आपल्या आवडत्या वस्तूकडे नीट बघा. तिच्यावर परक्यांच्या किती खुणा आहेत आणि घरच्यांची एखादी तरी आहे का? ज्यांना आपण 'आपलीच तर आहेत' म्हणून थांबवून ठेवतो, ती हट्ट करत नाहीत. ती गुपचूप माप घेऊन, खूण बांधून वाट बघतात. द्यायचं असेल तर त्यांना आधी द्या, आणि आज द्या. त्यांचे हातपाय चालताहेत तोवर द्या.

सायकल आता भिंतीवर नसते, जिन्याखाली असते. इमारतीतल्या चार जणी ती नेतात. नळीवर नव्या पट्ट्या लागल्यात, आणि त्या हीच डाव्या हाताने कापून देते. पाना मशीनशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो, तिचा हात पोचेल इतक्या उंचीवर. लाल दोरा अजून तसाच आहे. रविवारी सकाळी मिलिमीटर नळी पुसतो, तेव्हा तेवढा भाग फडक्याने पुसत नाही, बोटाने पुसतो.