मजेत असलेल्या माणसाची कुबडी

मित्रांनो, मानवजात माझ्या आधारावर उभी आहे. सगळी नाही. मानवजातीतला एक रंगारी. आणि तोही उभा असेल तेवढाच वेळ. मी एक जुनी कुबडी आहे. माझं नाव तुम्ही वाचलं असेल ते बहुधा दुसऱ्या पक्षाच्या जिवावर चाललेल्या एखाद्या सरकारच्या बातमीत. एवढ्या वर्षांत एकाही सरकारने मला काखेत घेतलेलं नाही. बदनामी मात्र आमचीच.

मी खरं तर खुर्चीचा पाय होणार होते. खुर्ची सांगून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही, तेव्हा सुताराने त्याच लाकडाच्या दोन कुबड्या केल्या आणि म्हणाला, "बसणाऱ्यांचा भरवसा नाही. लंगडणारे कुठे जातील?" अशा आम्ही जुळ्या बहिणी. पुढे धाकटीला शेजाऱ्यांनी पंख्यावरची जळमटं काढायला नेलं. ती अजून तिथेच नांदते आहे.

रंगाऱ्याच्या घरी मी आले ती त्याचा उजवा पाय मोडल्यावर. तो सायकलवरून कामाला निघाला होता, हँडलला पांढऱ्या रंगाचा डबा. वळणावर चुकीच्या बाजूने एक काळी मोटार आली. तिचा मालक फोनवर कुणाला तरी "पोचलोच समज" म्हणून सांगत होता. रंगारी एकीकडे, सायकल दुसरीकडे आणि डबा मोटारीच्या टपावर. लोक धावत आले. "अरेरे," म्हणाले, "नवीकोरी दिसते हो!" ते मोटारीबद्दल होतं.

नडगीचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा ऑपरेशन करून सरळ बसवावं लागेल. नाहीतर शिडी विसरा." शिडी वजा जाता रंगाऱ्याला उरतात कुंपणं, आणि दारांची कडीखालची बाजू. त्यावर घर चालत नाही. ऑपरेशनला पैसे नव्हते, म्हणून मोटारीच्या विमा कंपनीकडे नुकसानभरपाई मागायला तो कोर्टात गेला. म्हणजे आम्ही गेलो.

ते माझ्या भरभराटीचे दिवस. रंगाऱ्याने मला पॉलिश पेपरने घासलं, भेगांत पुट्टी भरली आणि आकाशी रंगाचे दोन हात दिले. बायकोने जुन्या चादरीची गादी शिवून माझ्या डोक्यावर बसवली. "बायको आणि ही," तो मला थोपटून म्हणायचा, "दोघींनी सावरलंय." बायको म्हणायची, "ती निदान उलट बोलत नाही, असंच ना?" मी खरंच उलट बोलत नसे.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. रंगाऱ्याच्या काखेत मी होते. तरी वळसा चुकला नाही. कोर्ट वरच्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिच्यावर 'बंद आहे' अशी पाटी होती. प्रत्येक तारखेला रंगारी ती पाटी निरखायचा आणि म्हणायचा, "रंगवणाऱ्याचा हात चांगला आहे." मग आम्ही जिना चढायचो. वर गेल्यावर पुढची तारीख मिळायची.

आता त्याचा दोष सांगते. त्याला कुणीही "कसं काय?" विचारलं, की तो म्हणणार, "मजेत! तुमच्या कृपेने." दवाखान्यात पाय टांगलेला असतानासुद्धा भेटायला आलेल्यांना हेच उत्तर.

"अहो, पाय टांगलाय, आणि मजेत?" बायको म्हणायची.

"अगं, आलेल्या माणसाला रडगाणं ऐकवायचं? बरं दिसतं का ते?"

म्हणून साक्षीच्या दिवशी सकाळी बायकोने त्याला समोर बसवलं. "मी कंपनीचा वकील समजा. पाय कसा आहे?"

"दुखतो."

"झोप?"

"लागत नाही."

"शिडी?"

"चढता येत नाही."

"बरं. बाकी कसं काय?"

"मज—"

"अहो!"

कोर्टात आमच्या वकिलांनी विचारलं ते सगळं त्याने बिनचूक सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले. गोड माणूस. हसून म्हणाले, "ओळखलंत का? आमच्या जिन्याला तुम्हीच रंग दिला होता."

रंगाऱ्याचा चेहरा उजळला. "पापुद्रा नाही ना सुटला कुठे?"

"छे हो! अजून नवा वाटतो. बाकी कसं काय?"

"मजेत, साहेब! तुमच्या कृपेने."

टंकलेखकाची बोटं खाडखाड चालली. त्या इमारतीत एखादं काम लगेच झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"एवढंच विचारायचं होतं," म्हणून वकील बसले.

आमचे वकील ताडकन उठले. "साहेब, ही बोलायची रीत झाली!"

न्यायाधीश वाईट नव्हते. त्यांनी रंगाऱ्यालाच विचारलं, "तुम्हाला हे बदलून सांगायचं आहे का?"

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, डोळे मोठे केले, ओठांनी 'दुखतो' असा आकारही केला. मग त्याने त्या गोड माणसाकडे पाहिलं. चारचौघांत आपुलकीने विचारपूस केलेल्या माणसाला खोटं पाडायचं?

"नाही साहेब," तो म्हणाला. "एकदा बोललो ते बोललो."

मी पिंजऱ्याला टेकून होते. तिथून घसरले आणि फरशीवर मोठ्याने आदळले. मला एवढंच करता येतं. न्यायाधीश म्हणाले, "ती कुबडी बाहेर ठेवा." शिपायाने मला व्हरांड्यात नेऊन उभं केलं. रंगारी आत कठड्याला धरून उभा राहिला.

निकालात लिहिलं होतं की अर्जदार सध्या मजेत असल्याचं तो स्वतःच सांगतो, सबब पुढच्या ऑपरेशनची गरज सिद्ध होत नाही. औषधांचा खर्च मंजूर झाला. त्यातून मोटारीवरचा पांढरा रंग काढण्याचा खर्च वजा झाला.

बायको आमच्यापुढे जिना उतरत होती. अर्ध्यात थांबून म्हणाली, "मजेत म्हणालात ते म्हणालात. 'तुमच्या कृपेने' म्हणायची काय गरज होती?"

"त्याशिवाय वाक्य पुरं वाटत नाही गं," तो म्हणाला, आणि पायरीवर बसला. त्याचा हात माझ्यावर होता. बायको त्याच्या शेजारी बसली. जाणारे-येणारे त्यांना वळसा घालून जात होते.

मित्रांनो, आता माझा आकाशी रंग उडाला आहे. खालची रबरी टोपी झिजून लाकूड फरशीला लागतं आणि ओल्या जागी मी सरकते. तुमच्या घरात कुणाची काठी किंवा कुबडी असेल, तर तिची टोपी वेळेवर बदला. ती टोपी आम्हाला नाही, त्या माणसाला लागते. आणि कुणाला "कसं काय?" विचारलंत, तर उत्तरावर जाऊ नका. थोडं थांबा आणि तो जिना कसा उतरतो ते पाहा.

रंगारी अजून कामाला जातो. हल्ली शिडीवर त्याची बायको चढते. वरची अर्धी भिंत ती रंगवते, खालची तो. तिला कडेकोपरे अजून साधत नाहीत. तो खालून सांगत राहतो. ती वर असताना तो दोन्ही हातांनी शिडी धरतो, तेव्हा मी कोपऱ्यात असते. मजुरी एकाचीच मिळते. भिंत एकच असते.