सासऱ्यांनी दुहेरी शिवलेली झोळी

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. दुखरा हात गळ्यात अडकवून ठेवतात ना, तसली. आता माझे टाके उसवलेत, नुसतं चौकोनी फडकं उरलंय. पण रुबाब विचाराल तर अजून झोळीचाच! माझं कापड इतकं घट्ट विणीचं, की एकदा माझ्यात पाणी भरून चार मजले चढवलं तरी एक थेंब गळला नाही. खोटं वाटतं? बरं, दोन थेंब गळले.

माझा जन्म दवाखान्यातल्या बाकावर झाला. मला शिवलं एका शिंपीबुवांनी. त्यांची सून घरोघरी टपाल वाटायची, म्हणून सगळी गल्ली तिला टपालबाई म्हणायची. घरातही तेच नाव पडलं. सहाव्या महिन्याचं पोट घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर पत्र द्यायला गेली आणि त्या घराच्या दारातच कोसळली. दवाखान्यात नाडी मोजली, तर मिनिटाला जेमतेम पस्तीस ठोके. हृदयाच्या वरच्या कप्प्याने धाडलेला निरोप खालच्या कप्प्याला मिळतच नव्हता. बघा आता, जन्मभर दुसऱ्यांचं टपाल पोचवलं आणि तिच्याच काळजातलं टपाल वाटेत अडकलं!

डॉक्टर म्हणाले, "बाळंतपणापर्यंत थांबता येणार नाही. डाव्या खांद्याखाली ठोके चालू ठेवणारं एक छोटं यंत्र बसवू, त्याची तार हृदयात सोडू. नाहीतर आईलाही धोका आणि बाळालाही."

तिला आत नेलं. बाहेर बाकावर सासूबाई, तिचा नवरा आणि शिंपीबुवा बसले. बुवांच्या खिशात सुईदोरा कायम असायचा. पिशवीत दुकानातलं उरलेलं कापड होतं, म्हणजे मी. त्यांनी मला काढलं आणि टाका घातला.

"अहो, सून आत आणि तुम्ही शिवत काय बसलाय?" सासूबाई खेकसल्या.

"मग काय करू? हात थरथरतायत. सुई धरली की थांबतात."

पण दोरा संपला तेव्हा सासूबाईंनीच सुईत ओवून दिला. दीड तासाने नर्सबाई बाहेर आल्या. "यंत्र बसलं. बाळाचे ठोकेही छान आहेत. तुमची सून जागीच होती हो! बाळाला एक्स-रेचे किरण लागू नयेत म्हणून पोटाला शिशाचा एप्रन लावला, तर म्हणते, एवढं जड पार्सल आजवर उचललं नव्हतं!"

तिघंही हसले आणि तिघांनीही डोळे पुसले. नर्सबाईंनी पुढे सांगितलं, "डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. तार नवीन आहे, निसटू शकते. झोळी वाटली तर एक-दोन दिवस. पण हात खालच्या खाली हलवत राहायचा. सगळं या कागदावर लिहिलंय."

झालं! "तार निसटू शकते" एवढं कानावर पडलं आणि पुढचं कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही. शिंपीबुवांनी माझ्यावर पुन्हा सुई चालवली. एक शिलाई होती, तिची दुहेरी केली. टेपने हाताचं माप घेऊन मला असं बसवलं, की हात सूतभर हलू नये. गाठीऐवजी पट्टाही शिवूनच टाकला. म्हणाले, "गाठ सुटते. माझा टाका सुटत नाही." आणि तो कागद? घडी घालून कपाटावर गेला, तो तिथेच राहिला.

घरी आल्यावर माझी काय ऐट सांगू! मला वाटायचं, यंत्रबिंत्र सगळं नावाला, या बाईचं हृदय मीच धरून ठेवलंय. आंघोळीपुरती मला डोक्यावरून काढायचे आणि लगेच पुन्हा चढवायचे. तेवढ्या वेळातही सासूबाई तिचा हात अंगाशी दाबून धरायच्या. वरच्या फळीवरचे डबे त्यांनी जमिनीवर मांडले. घरात चालायचं म्हणजे डब्यांतून वाट काढायची. नवरा गॅरेजात गाड्यांच्या तारा जोडायचा. तो रोज सकाळी तिचे केस विंचरायचा आणि वेणी घालायचा.

"ही वेणी आहे की वायरिंग?" ती विचारायची.

"हलू नकोस, शॉर्टसर्किट होईल," तो म्हणायचा.

हसायचे सगळे. पण मी तिच्या अंगाला चिकटून होते, मला ठाऊक होतं. तिला शिंक आली तरी ती आधी डावा हात घट्ट आवळायची. सासूबाई "काय गं, दुखतंय?" असं रोज वीस वेळा विचारायच्या आणि ती वीस वेळा "नाही हो आई" म्हणायची. एकदा दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा पोटाशी वाकून हळूच म्हणाली, "तू आत लाथा मार खुशाल. मी हात हलवणार नाही. तार जागची हलू देणार नाही."

सहा आठवडे झाले. तपासणीला गेलो. डॉक्टर खूश. "यंत्र एकदम झकास, तार जागच्या जागी. आता झोळी काढा आणि हात वर करा पाहू."

हात छातीपर्यंतही गेला नाही. खांदा दाराच्या गंजक्या बिजागरीसारखा धरला होता. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि कळवळून ओरडली.

"हलवत नव्हता का?" डॉक्टरांनी विचारलं. टपालबाईने मानेनेच नाही म्हटलं. "तारेमुळे नाही हे. हात फार दिवस बांधून ठेवल्यामुळे झालंय. मोकळा होईल, पण रोज मेहनत लागेल."

टपालबाई रडायला लागली. "दीड महिन्यात बाळ येईल. मी त्याला घेऊ कशी?"

मित्रांनो, त्या दिवशी माझी सगळी ऐट उतरली. घरी आल्यावर शिंपीबुवांनी कपाटावरचा कागद काढला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग कात्री घेतली आणि माझा एकेक टाका उसवायला बसले.

"माझीच चूक, पोरी," ते म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. माणसाला बसता-उठता यावं म्हणून कापड थोडं सैल ठेवायचं, हे शिकाऊ पोरांना मीच सांगतो. आणि तुझ्याच वेळी विसरलो."

"बाबा, घातली तर मीच ना? मलाही भीती वाटत होती."

दुसऱ्या दिवसापासून नवा कारभार सुरू झाला. टपालबाई भिंतीसमोर उभी राहायची आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवायची. जिथे थांबली, तिथे शिंपीबुवा कापडावर करतात तशी खडूची रेघ मारायचे. पहिली रेघ कमरेच्या जरा वर. चार दिवस तिथेच. सासूबाई "राहू दे आज" म्हणायला तोंड उघडायच्या आणि स्वतःच पदर तोंडावर धरायच्या. नवऱ्याने वेणी अर्धीच घालायला सुरुवात केली, उरलेली तिने घालायची. वाकडी झाली तरी चालेल. ती कुणाची वाकडी, यावरून रोज भांडण! रेघा एकेक बोट चढत गेल्या. नवव्या महिन्यात एक रेघ खांद्याला टेकली आणि त्याच आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. गुटगुटीत. शिंपीबुवांनी मला घडी करून खिशात आणलं होतं. डोळे पुसायला माझ्याशिवाय त्यांना दुसरं फडकं चालत नव्हतं म्हणे. नर्सबाईंनी बाळ पुढे केलं. टपालबाईने क्षणभर स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं आणि डावा हात पसरला. बाळाचं डोकं तिच्या कोपरात आलं.

शिंपीबुवा झटक्यात पुढे झाले, हात तिच्या कोपराखाली नेले. आणि थांबले. वीतभर अंतरावर दोन्ही तळवे पसरून तसेच उभे राहिले. लावले नाहीत.

"बाबा, जमतंय मला," ती म्हणाली.

"दिसतंय की," ते म्हणाले. पण हात तिथेच.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी आजारातून उठत असेल. त्याची काळजी घ्या, डबे उचला, वेण्या घाला. डॉक्टरांचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पण जे त्याला स्वतःला जमतं, ते त्याला करू द्या. हात हवा, जवळच हवा. वीतभर खाली.