लाल काठाची मच्छरदाणी आणि अंगणातला हौद

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. आपली हकीकत सांगावी एवढी मी मोठी आहे का, याची मला अजून खात्री नाही. माझ्यात कापड थोडं आणि भोकंच जास्त. तेव्हा बोलता बोलता काही निसटून गेलं, तर सांभाळून घ्या.

निरगुडसरला रस्त्याला लागून एक किराणा दुकान आहे. त्याच्या मागच्या घरात माझा जन्म झाला. जतनबाईंनी मंचरच्या बाजारातून पांढरं जाळीचं कापड आणलं आणि पायमशिनवर मला शिवलं. त्यांचा पारस तेव्हा पाळण्यात होता. कापड उंचीला थोडं कमी पडलं, म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लाल साडीचा काठ मला खालून चौफेर लावला. तो गादीखाली खोचला की मी घट्ट बसायची. माझ्यात बघण्यासारखं काही असेल, तर तो काठच.

हे घर जैनांचं. इथे डास मारत नाहीत. जतनबाईंचे यजमान लालचंदशेठ दुकानात गूळ, खोबरं, साबण, उदबत्ती सगळं ठेवत, पण डासांची कॉइल ठेवत नसत. गिऱ्हाईक चेष्टा करायचं, "शेठ, तुमच्याकडं डासाला लई मान हाय राव!"

शेठ शांतपणे म्हणत, "मान नाही भाऊ. फक्त त्याला आत यायची परवानगी नाही."

ती परवानगी नाकारण्याचं काम माझं होतं. मी ते किती चांगलं केलं हे मी कसं सांगू? पण पारस माझ्यात गाढ झोपे. पुढे त्याची मुलं, अंकित आणि टीना, माझ्यात घर-घर खेळली. रात्रीचं जेवण झालं की लालचंदशेठ दिवा जवळ ओढून माझ्यात बसत आणि पुस्तक वाचत. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचायला शिकले. आज तुमच्याशी चार वाक्यं बोलते आहे ती त्यांच्याच कृपेने. पान उलटताना त्यांचं कोपर मला लागे, ते मला फार आवडायचं.

मग शेठ गेले. खिडक्यांना तारेच्या जाळ्या बसल्या, छताला मोठा पंखा आला. मला घडी घालून लोखंडी पेटीत ठेवलं, शेठच्या पुस्तकांच्या वर. मला राग आला नाही. मला वाटलं, आपलं काम झालं असेल. फक्त एका कोपऱ्यात घडीवर मी विरत गेले आणि तिथे वीतभर फाटले, याची लाज वाटायची.

यंदा भाद्रपद संपता संपता पेटी उघडली.

टीना पुण्याहून माहेरी आली होती, पहिलं बाळ घेऊन. बाळाचं नाव आरोही. बाळासाठी छत्रीसारखी उघडणारी एक नवी जाळी होती. पण आरोही तिच्याखाली असायची कुठे? ती दिवसभर कुणा ना कुणाच्या मांडीवर. आणि संध्याकाळ झाली की डास असे येत, जणू त्यांनाच बारशाचं आमंत्रण होतं. एके दिवशी बाळाच्या गालावर आणि मनगटावर लाल गांधी उठल्या.

शेजारच्या म्हाळसाबाई धावत आल्या. त्यांच्या घरी मेंढरं. दीर राघूभाऊ ती घेऊन आणे पठाराकडे गेलेले, घरी फक्त दोन लंगडी कोकरं. त्या म्हणाल्या, "लसूण चोळा बाई, लगीच उतरंल."

तेवढ्यात गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई उज्ज्वला बाळाचं वजन घ्यायला आल्या. त्या ओरडल्याच, "लसूण नको, चुना नको, बामसुद्धा नको! तान्ह्या बाळाची कातडी ती, भाजेल. साबणाच्या पाण्यानं हलकं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. नखं कापा, खाजवलं की चिघळतं. आणि अंग तापलं तर घरी काही करत बसू नका, सरळ दवाखान्यात आणा." मग दारातून निघताना त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, "आणि जतनबाई, तो हौद आठवड्याला कोरडा करत जा."

"चहा घेऊन जा उज्ज्वला," असं म्हणून जतनबाईंनी नेहमीसारखा विषय बदलला.

गार पाण्याच्या पट्टीने बाळ निवांत झालं. पण त्याच दिवशी टीनाच्या सासूबाईंचा, मोहिनीबाईंचा, फोन आला. चेहरा दिसणारा फोन. त्यांनी नातीचा गाल पाहिला.

"अगं टीना, हे काय? देवी आल्यासारखं दिसतंय! मी रविवारी गाडी घेऊन येते. बाळाला घरी आणू."

जतनबाईंनी बाळाला उचलून मांडीवर घेतलं. दिवाळीपर्यंत ही पणती, नातीची लेक, आपल्या घरात राहील, एवढी एकच गोष्ट त्यांनी या वर्षी मागितली होती. आता हातात रविवारपर्यंतचे दिवस होते.

अंकित बाजारातून डास मारायची बॅट घेऊन आला. एकदाच 'चट्' असा आवाज झाला. जतनबाईंनी ती हातातून काढून घेतली.

"दादी, अगं बाळासाठी!"

"बाळासाठीच म्हणते. तिच्या पाळण्याशेजारी कुणाला जाळायचं नाही."

म्हाळसाबाईंनी कडुलिंबाचा पाला पेटवून धूर केला. डास गेले की नाही कळलं नाही, पण बाळाला ठसका लागला आणि माणसं मात्र सगळी अंगणात पळाली. खोकता खोकता जतनबाईंना माझी आठवण झाली. आई आणि बाळ दोघी आत बसू शकतील असं घरात दुसरं काही नव्हतं.

पेटी उघडली. उजेड पाहून मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. जतनबाईंनी मला धुतलं आणि अंगणात दोरीवर वाळत घातलं. दोरी होती नेमकी हौदावर.

आता मला त्या हौदाबद्दल सांगायला हवं. जतनबाई पाणी गाळूनच वापरतात. गाळायच्या कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात, त्याला त्या जिवाणी म्हणतात. रीत अशी, की कापड साध्या पाण्याने धुवून ती जिवाणी जिथून पाणी आणलं तिथे परत सोडायची. पूर्वी पाणी विहिरीचं होतं, जिवाणी विहिरीत जायची. मग दारात नळ आला. आता नळाला परत काय देणार? जतनबाईंनी विचार केला आणि जिवाणी अंगणातल्या हौदात सोडायला सुरुवात केली. त्यात जीव आहेत म्हणून हौद कधी रिकामा केला नाही, घासला नाही. जीव गुदमरतील म्हणून त्यावरचं पत्र्याचं झाकणही काढून ठेवलं. इतकी काळजी त्या पाण्याने कधी पाहिली नसेल.

दोरीवरून मी खाली पाहत होते. पाण्यात बारीक बारीक किडे वळवळत होते, डोकं खाली, शेपूट वर. काही स्वल्पविरामासारखे वाकलेले. आणि त्यातल्या एकाची पाठ उघडून एक डास पाण्यावर उभा राहिला. पंख वाळवले आणि उडाला, थेट बाळाच्या खोलीकडे. मग दुसरा. मग आणखी.

मित्रांनो, मला सगळं कळलं होतं आणि मला तोंड नव्हतं. मी लाल काठ हलवून पाहिला. जतनबाई ओसरीवरून म्हणाल्या, "बघ टीना, कशी वाऱ्यावर डुलते आहे!"

तेवढ्यात उसाच्या शेतांवरून वाऱ्याचा एक झोत आला, चिमटा निसटला आणि मी पडले. ठरवून पडले असं म्हणायला मला आवडेल, पण ते खरं होणार नाही. मी पडले ती बरोबर हौदाच्या तोंडावर, काठ चारही बाजूंनी खाली लोंबत. शिवाय बाळ रडायला लागलं, म्हणून मला उचलायला कुणी आलं नाही.

दिवस कलला. जतनबाई मला घ्यायला आल्या आणि हात लावता लावता थांबल्या. जन्मभर डास माझ्या बाहेर बसून आत यायला धडपडले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते आत होते आणि बाहेर यायला धडपडत होते. माझ्या पोटात एकच गुणगुण चालली होती.

जतनबाईंनी चष्मा सारखा केला. वाकून पाण्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगं बाई, टीना! हे तर मीच पाळलेत की गं!"

सगळे धावले. म्हाळसाबाईंनी कुंपणावरून मान उंच करून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "काय म्हणावं बाई तुमाला! आमी वाडग्यात मेंढरं कोंडली, आन् तुमी डासांचा वाडगा केला व्हय! निदान लोकर तरी निघाली असती!"

आधी टीना हसली, मग अंकित. शेवटी जतनबाईंनाही हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. या घरात इतकं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं.

"मी आत्ता ओतून देतो सगळं," अंकितने बाही वर केली.

"मातीत? वाळून मरतील रे ते."

"दादी, मग रविवारी मोहिनीकाकू येऊन बाळाला नेणार."

जतनबाई माझ्याकडे पाहत होत्या. एका बाजूला त्यांचं सगळं आयुष्य होतं आणि दुसऱ्या बाजूला ते बाळ. मला वाटलं, शेठ असते तर त्यांनी काय म्हटलं असतं? पण जतनबाईंना शेठची गरज पडली नाही.

"रीत माझीच चुकली," त्या सावकाश म्हणाल्या. "जिवाणी जिथली तिथं सोडायची असते. घरात साठवायची असं कुणीच सांगितलं नव्हतं. म्हाळसाबाई, तुमच्या विहिरीला पाणी आहे ना?"

"तुडुंब हाय. पर बाई, विहिरीत मासं हायेत. ते समदं गट्ट करत्याल."

जतनबाईंनी पदर खोचला. "मासा काय खातो ते माशानं बघावं. मी माझं पाणी पाण्यात सोडते."

मग काय गंमत झाली म्हणून सांगू! अंकितने माझी चारही टोकं अलगद गोळा केली. मी डासांनी भरलेलं फुगीर गाठोडं झाले. तो मला हातभर लांब धरून चालू लागला, तशा म्हाळसाबाई ओरडल्या, "ए अंकित, माझ्या गोठ्याकडं नगं सोडू! माझी कोकरं काय पाप करून बसलीत का?" शेवटी वस्ती मागे टाकून नदीकडच्या रिकाम्या माळावर मला उघडलं. ज्यांना मी जन्मभर बाहेर ठेवलं, त्यांना त्या दिवशी मीच पोचवायला गेले. आणि मागे अंगणात टीनाच्या आईपासून शेजारपाजारच्या बायकांपर्यंत सगळ्यांनी बादल्यांची रांग लावली. हौदाचं पाणी विहिरीत गेलं. हौद काथ्याने घासून रात्रभर कोरडा होऊ दिला. घासताना तळ दिसला, तेव्हा त्यात अंकितची लहानपणची काचेची गोटी सापडली.

दुसऱ्या दिवशी जतनबाईंनी कात्री घेतली. खरं सांगते, मी घाबरले. पण त्यांनी फक्त माझी फाटकी बाजू कापली. तिला रफू केलं, कडेला रबर ओवलं आणि भरलेल्या हौदाच्या तोंडावर टोपीसारखी चढवली. आता आत हवा जाते, डास जात नाही, अंडी घालता येत नाहीत, म्हणजे मारायचा प्रश्नच उरत नाही. बाकीची मी टीनाच्या खाटेला पुरले. जिवाणी आता म्हाळसाबाईंच्या विहिरीत जाऊ लागली. दर आठवड्याला हौद कोरडा होऊ लागला, कुंड्यांखालच्या बशा, पंपाजवळचं टायर, म्हाळसाबाईंच्या कोंबड्यांचं भांडं, सगळं उपडं झालं. कातरवेळी दारं लावली, बाळाला पूर्ण बाह्यांचं झबलं आलं. डास अगदी नाहीसे झाले नाहीत. पण संध्याकाळी माणसं पुन्हा ओसरीवर बसू लागली.

रविवारी मोहिनीबाई आल्या. बाळाचे गाल पाहिले, मनगटं पाहिली, पाय उलटे करून पाहिले. डाग फिके झाले होते, नवा एकही नव्हता. तरी त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबते. बघू."

जेवण झाल्यावर त्या नातीला घेऊन माझ्यात आडव्या झाल्या आणि घोरू लागल्या. दिवेलागणीला जाग आली तेव्हा बाळ त्यांच्या कुशीत तसंच झोपलेलं. मोहिनीबाईंनी स्वतःच्या हातापायांवरून हात फिरवला. कुठेच खाज नव्हती. त्या जरा ओशाळून बाहेर आल्या.

"राहू दे मग दिवाळीपर्यंत. पुण्यात आमच्याकडेच हल्ली फार चावतात हो."

जतनबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं, "मोहिनीबाई, तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांखाली बशा आहेत का?"

मोहिनीबाई कप हातात घेऊन थांबल्या. "...आहेत."

कुंपणापलीकडून म्हाळसाबाईंचा आवाज आला, "घ्या! पुण्यातबी वाडगा निघाला!"

गाडी बाळाला न घेताच पुण्याला परतली.

मित्रांनो, आता मी दोन ठिकाणी राहते. माझा एक तुकडा हौदावर आणि मोठा भाग बाळावर. कुठला तुकडा जास्त कामाचा असं कुणी विचारलं, तर मला वाटतं, हौदावरचा. पण मी चुकत असेन. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. संध्याकाळ व्हायच्या आत आपल्या घराभोवती एक फेरी मारा आणि कुठे पाणी साचून राहिलंय का ते बघा. आणि तुमच्या पेटीत माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला एकदा उन्हात घाला. भोक दिसलं तर टाकू नका, दोन टाके घाला.

आता थांबते. आरोही उठली आहे. तिने माझा लाल काठ मुठीत धरला आहे आणि तो तोंडात घालायचा तिचा विचार दिसतो.